समता, संरक्षण आणि खाडा

आपल्या महाविद्यालयांतून स्त्रीवादाचा जो इतिहास शिकवला जातो, त्यात १७९२ साली मेरी वुलस्टनक्राफ्ट येते, १८६९ साली जॉन स्टुअर्ट मिल येतो, मग बायकांच्या मताधिकाराची चळवळ येते, आणि शेवटी प्रश्नपत्रिकेत 'उदारमतवादी स्त्रीवादाची वैशिष्ट्ये सांगा' असा दहा गुणांचा प्रश्न येतो. मीही हेच शिकवीत आले आहे. या इतिहासातल्या बायका लिहिणाऱ्या आहेत, भाषणे करणाऱ्या आहेत. कपडे धुणारी, फरशी पुसणारी, दुसऱ्याच्या खोलीतली गादी झटकणारी बाई त्यात नाही. वास्तविक उदारमतवादी स्त्रीवादातले सर्वांत मोठे भांडण या बाईवरूनच झाले.

भांडण असे. एक पक्ष म्हणाला, कायद्याने स्त्री आणि पुरुष यांच्यात तिळमात्र फरक करू नये. फरक केला की तो बाईच्या पायातली बेडी होतो. दुसरा पक्ष म्हणाला, बाई बाळंत होते, घरचे ओझे तिच्यावर आहे, तिची मजुरी पुरुषाच्या मजुरीहून कमी आहे. हे न मोजता दिलेली समता तिला चिरडून टाकील. पुस्तकांत याला 'समता की भिन्नता' असा वाद म्हणतात.

या वादाचे नाव मला एम.ए.ला कळले. वाद मात्र आधीपासून माहीत होता. माझी माय ऊस तोडायला जायची. ऊसतोडीत नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्याचा होतो. दोघांपैकी एक जण जरी फडात आला नाही तरी तो खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. पुरुष तापाने पडला काय, बाईची पाळी आली काय, ती बाळंत झाली काय, खाडा तो खाडा. तेवढ्यापुरती आमच्या फडात संपूर्ण समता होती. माझा धाकटा भाऊ कोपीतच जन्मला. पाचवी झाली आणि माय मोळ्या बांधायला गेली.

मी शिकले, सेट झाले, आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागले. तिथे तास घेतला तर पैसे, नाही तर नाही. बाळंतपणात माझे तीन महिन्यांचे तास दुसऱ्याला गेले आणि परत आले तेव्हा निम्मेच उरले होते. मायला सांगितले तर ती म्हणाली, "मंजी तुझाबी खाडाच की." पुढे मी ते महाविद्यालय सोडले. असो.

हा इतिहास अमेरिकेचा आहे, पण तो अगदीच परका समजू नये. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हे भांडण त्या देशात पेटत होते. आणि आपल्या पँथरांनी १९७२ साली स्वतःला जे नाव घेतले ते तिथल्याच काळ्या माणसांच्या चळवळीकडून घेतले.

अमेरिकेत तेव्हा मजुरांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घालणे जवळजवळ अशक्य होते. न्यूयॉर्क राज्याने बेकरीतल्या कामगारांसाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली होती. ती १९०५ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत काढली. कारण काय, तर मजूर आणि मालक यांना करार करण्याचे स्वातंत्र्य आहे आणि सरकारने त्यात पडू नये. भुकेल्या माणसाला सोळा तास राबण्याचे स्वातंत्र्य! उदारमतवादाचा हा चेहरा आपल्या पाठ्यपुस्तकात नसतो.

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पोर्टलंड शहरातल्या एका लाँड्रीत श्रीमती गॉचर नावाच्या कामगार बाईकडून दहा तासांहून जास्त काम करून घेतले गेले. ऑरेगन राज्याच्या १९०३ च्या कायद्याने कारखान्यांत आणि लाँड्र्यांत बायकांना दहा तासांची मर्यादा होती. मालक कर्ट म्युलर याला दहा डॉलर दंड झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेला. कायद्याच्या बाजूने उभी राहिली नॅशनल कन्झ्यूमर्स लीग, म्हणजे फ्लॉरेन्स केली आणि जोसेफिन गोल्डमार्क. वकील होते लुई ब्रँडाईस. त्यांचे निवेदन ११३ पानांचे होते. त्यात कायद्याचा युक्तिवाद दोन पानांचा. बाकी सगळे कारखाना निरीक्षकांचे आणि डॉक्टरांचे अहवाल. ही सामग्री गोल्डमार्कबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केली होती, पण इतिहासात ते 'ब्रँडाईस निवेदन' म्हणूनच राहिले. ते सामान्य काम नव्हते. दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईच्या पाठीचे आणि पायांचे दुखणे पहिल्यांदाच त्या न्यायालयाच्या टेबलावर आले.

२४ फेब्रुवारी १९०८ रोजी कायदा टिकला, तोही एकमताने. पण न्यायमूर्ती ब्रुअर यांनी दिलेले कारण पाहा. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की बाईचे शरीर दुबळे आहे, ती पुरुषावर अवलंबून राहिली आहे, आणि सुदृढ संततीसाठी मातेचे आरोग्य राखणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. गॉचरबाई थकते म्हणून तिला विश्रांती मिळाली नाही. ती राष्ट्राची गर्भपेटी आहे म्हणून मिळाली. आणि बेकरीतला पुरुष? त्याने भट्टीपुढे खुशाल मरावे.

बाई वेगळी आहे, हे वाक्य त्या न्यायालयात नवे नव्हते. १८७३ साली मायरा ब्रॅडवेल या बाईला इलिनॉय राज्यात वकिली करू दिली गेली नाही, तेव्हा एका न्यायमूर्तीने हेच लिहिले होते, की तिची जागा घरात आहे. एकाच तर्काने एका बाईला कोर्टाबाहेर ठेवले आणि दुसरीला लाँड्रीतून वेळेवर सोडले. अशी दुधारी वस्तू हातात घेताना सावध राहायला हवे होते. न्यूयॉर्कमध्ये महायुद्धानंतर झालेल्या अशाच कायद्यांनी ट्रामगाड्यांवरच्या कंडक्टर बायकांची आणि छापखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बायकांची कामे गेली. त्याच राज्यात मोठ्या शहरांतल्या रेस्टॉरंटांत बाईने रात्री दहानंतर वाढपाचे काम करू नये असा कायदा झाला. तिथे गाणाऱ्या बाईला मात्र सूट होती. पहाटेपर्यंत गाणारीचे शरीर दुबळे नसते काय?

म्हणून अ‍ॅलिस पॉल यांच्या नॅशनल वूमन्स पार्टीचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. १९२० साली एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने मताचा हक्क मिळाला होता. आता सगळे कायदे समान करा, असे म्हणून त्यांनी १९२३ साली समान हक्क घटनादुरुस्तीचा मसुदा मांडला आणि त्याच डिसेंबरात तो काँग्रेसपुढे गेला. फ्लॉरेन्स केली आणि कामगार संघटनांतल्या बायका खवळल्या. वीस वर्षे खपून मिळवलेले कामगार कायदे एका ओळीने जातील, ही त्यांची भीती होती. ती भीती त्याच वर्षी खरी ठरली, आणि त्यासाठी घटनादुरुस्तीही लागली नाही.

वॉशिंग्टन शहरात १९१८ पासून बायकांसाठी किमान वेतनाचा कायदा होता. एका हॉटेलात लिफ्ट चालवणारी विली लायन्स ही एकवीस वर्षांची मुलगी महिना ३५ डॉलर आणि दोन वेळचे जेवण यावर काम करीत होती. किमान वेतन यापेक्षा बरेच जास्त होते. हॉटेलने तिला काढून टाकले. मला या पगारावर काम करायचे आहे, कायदा आड येतो, असे म्हणत ती न्यायालयात गेली. तिच्याबरोबर एक इस्पितळही होते. तिची नड खरी होती, तिला मी दोष देत नाही. ९ एप्रिल १९२३ रोजी पाच विरुद्ध तीन मतांनी किमान वेतन रद्द झाले. न्यायमूर्ती सदरलंड यांनी लिहिले त्याचा आशय असा, की आता बायकांना मत मिळाले आहे, स्त्री-पुरुषांतले कायदेशीर अंतर जवळजवळ नाहीसे झाले आहे, तेव्हा वेतनाच्या करारात तिला वेगळे संरक्षण कशाला? हे सदरलंड पूर्वी पॉलबाईंच्या पक्षाला सल्ला देत असत. पक्षाने निकालाचे स्वागत केले.

आता तुम्हाला समता मिळाली, आता सवलत कशाला? हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे! प्रवेशाच्या रांगेत ऐकले आहे, मुलाखतीच्या खोलीबाहेर ऐकले आहे. मत दिले की भाकरीचा हिशेब मिटला, असे मानणारी समता ती हीच. विरोधी मत देताना न्यायमूर्ती होम्स यांनी चिमटा काढला, की स्त्री-पुरुषांत फरक नाही हे पटवायला आपल्याला एकोणिसाव्या दुरुस्तीहून बरेच काही जास्त लागेल. पण तोही शेवटी फरकाचाच आधार. मजूर म्हणून मजुराला जगण्यापुरते मिळावे, हे कोणीच मांडू शकत नव्हते, कारण त्या घटनेच्या अर्थात मजुराला जागाच नव्हती.

इथपर्यंत दोन्ही पक्षांतल्या पुढारी बायका गोऱ्या आहेत. काळी बाई कुठे होती?

ती दोन्हींच्या बाहेर होती. फेब्रुवारी १९२१ मध्ये वूमन्स पार्टीचे अधिवेशन वॉशिंग्टनला भरले. अ‍ॅडी हंटन या काळ्या कार्यकर्तीच्या पुढाकाराने चौदा राज्यांतल्या साठ काळ्या बायका अ‍ॅलिस पॉलना भेटल्या. दक्षिणेत आम्हाला मत देऊ दिले जात नाही, घटनादुरुस्ती आमच्यापुरती कागदावर आहे, याची चौकशी करण्याची मागणी पक्षाने करावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पॉलबाईंचे उत्तर होते, की हा वंशाचा प्रश्न आहे, स्त्रियांचा नव्हे. ज्या काळ्या आहेत त्या बाया नसाव्यात बहुधा. आपल्याकडेही 'हा जातीचा प्रश्न आहे, बायकांचा नाही' असे ऐकून परत आलेल्या कार्यकर्त्या मला माहीत आहेत.

बरे, संरक्षणवाद्यांकडे जावे, तर त्यांचे कायदे कारखाने, लाँड्र्या आणि दुकाने यांना लागू होते. काळ्या बायका बहुसंख्येने दुसऱ्याच्या घरात आणि दुसऱ्याच्या शेतात राबत होत्या. त्या दोन जागा कायद्यातून वगळलेल्या. म्हणजे ब्रुअरसाहेबांचे ते नाजूक शरीर कापसाच्या शेतात नाजूक नव्हते. सोजर्नर ट्रूथ या पूर्वाश्रमीच्या गुलाम बाईने १८५१ साली अ‍ॅक्रनच्या परिषदेत हाच मुद्दा काढला होता, की मी नांगरले आहे, कापणी केली आहे, पुरुषाइतके काम केले आहे. तिचे भाषण पुढे १८६३ साली एका गोऱ्या बाईने स्वतःच्या आठवणीतून लिहिले आणि त्यात दक्षिणेतल्या गुलामांची बोली घातली. ट्रूथ न्यूयॉर्क राज्यातली, लहानपणी डच बोलणारी. आपल्या माणसांच्या तोंडी दुसऱ्यांनी घातलेली भाषा आपण कथा-नाटकांत पुष्कळ पाहिली आहे. त्यामुळे याचे मला फार नवल वाटले नाही.

कोंडी थोडी फुटली ती १९३७ साली. वॉशिंग्टन राज्यात वेनाची या गावी एल्सी पॅरिश नावाची बाई हॉटेलात खोल्या झाडण्याचे काम करीत होती. राज्याच्या कायद्याप्रमाणे ४८ तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळायला हवे होते. तिने कमी मिळालेल्या पैशांचा हिशेब केला, तो २१६ डॉलर १९ सेंट निघाला, आणि तिने फिर्याद केली. पाच विरुद्ध चार मतांनी ती जिंकली. सदरलंड या वेळी विरोधात राहिले. पुढच्याच वर्षी किमान वेतनाचा आणि तासांचा देशव्यापी कायदा आला आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही होता. भांडण मिटायला हवे होते. पण दक्षिणेतल्या सभासदांची मर्जी राखण्यासाठी त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. घरकामगारांना तो लागू व्हायला १९७४ साल उजाडले. दरवाजा उघडला तेव्हाही उंबऱ्याबाहेर ठेवायची माणसे तीच.

पॉली मरे या काळ्या वकील बाईचे नाव आपल्या अभ्यासक्रमात नाही, ते असायला हवे. १९६२ साली राष्ट्राध्यक्षांच्या स्त्रीविषयक आयोगापुढे तिने वेगळी वाट दाखवली. वंशभेदाविरुद्ध जी चौदावी घटनादुरुस्ती वापरतो तीच लिंगभेदाविरुद्ध वापरा, म्हणजे नव्या घटनादुरुस्तीवरून चाळीस वर्षे चाललेले भांडण बाजूला ठेवता येईल. वंशभेद आणि लिंगभेद यांची गाठ तिने स्वतःच्या जगण्यातून ओळखली होती. १९७१ साली त्याच वाटेने पहिला विजय मिळाला, तेव्हा रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी निवेदनावर मरे यांचे नाव आदराने घातले. समान हक्क घटनादुरुस्ती मात्र १९७२ साली काँग्रेसमध्ये मंजूर होऊनही १९८२ च्या मुदतीपर्यंत ३८ ऐवजी ३५ राज्यांतच अडकली.

तरीही बाळंतपणाचा प्रश्न आला की जुना वाद पुन्हा उठतो. १९८२ साली लिलियन गारलंड ही काळी बाई कॅलिफोर्नियातल्या एका बँकेत स्वागतिका होती. बाळंतपणानंतर ती परत आली तेव्हा तिची जागा भरलेली होती. राज्याचा कायदा अशा बायकांना चार महिन्यांपर्यंत रजा आणि जागा राखून ठेवण्याचा हक्क देत होता. बँक म्हणाली, पुरुषाला मिळत नाही ते बाईला देणे हा भेदभाव. मोठमोठ्या स्त्रीवादी संघटनांतही फूट पडली. काहींचे म्हणणे, बाईला वेगळे काही देऊ नये. द्यायचे तर आजारी पडणाऱ्या प्रत्येकाला द्यावे. १९८७ साली सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा टिकला. निकाल लिहिला थर्गुड मार्शल यांनी. काळ्या मुलांसाठी शाळांचे दरवाजे उघडायला लावणारे वकील ते हेच. त्यांनी म्हटले त्याचा भावार्थ असा, की या कायद्याने बाईला पुरुषाप्रमाणे नोकरी न गमावता मूलबाळ होऊ देता येते. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. पुरुषाला मूल होते म्हणून त्याची जागा कधी जात नाही; मग तुलना कुठून सुरू करायची हे आपोआप ठरते. पण ती रजा बिनपगारी होती. १९९३ चा त्यांचा देशव्यापी रजेचा कायदाही बारा आठवडे देतो, तेही बिनपगारीच.

आणि इथे मला मुंबईकडे यावे लागते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. त्यापूर्वी ना. म. जोशी यांचे असेच विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात पडले होते. बाबासाहेबांची मांडणी थोडक्यात अशी, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण बाईच्या श्रमातून मालकालाही फायदा होतो, तेव्हा त्यालाही मोकळे सोडता येणार नाही. 'राष्ट्रहित' हा शब्द ऐकून मी प्रथम दचकले, कारण ब्रुअरसाहेबही तेच म्हणाले होते. पण पुढे पाहा. ब्रुअरने बाईचे तास कमी केले आणि त्या तासांची मजुरी तिच्याच पदरातून गेली. बाबासाहेब विचारतात, पैसे कोण देणार? बाई दुबळी आहे की सबळ, पुरुषासारखी आहे की वेगळी, या चर्चेत ते अडकत नाहीत. १९२९ साली मुंबईत कायदा झाला आणि गिरणीतल्या बाईला बाळंतपणात रोख पैसे मिळू लागले.

हेच बाबासाहेब १९४४ साली मजूरमंत्री म्हणून उलट्या बाजूला उभे दिसतात. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून सरकारने १९४३ साली भूमिगत खाणीत बायकांना पुन्हा उतरवले होते. स्त्री-संघटनांनी विरोध केला. बाबासाहेबांनी ही आणीबाणीची गोष्ट आहे असे सांगितले, आणि खाणीत बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळते हे समान कामाला समान वेतनाचे तत्त्व इथे पहिल्यांदा आले, असा दावा केला. १९४६ साली बंदी परत आली. या निर्णयाचे समर्थन करायला मी धजत नाही. अंधारात उतरलेल्या त्या बाया बहुतेक आपल्याच, दलित आणि आदिवासी. पण याही वेळी मजुरीचा आकडा त्यांनी नजरेआड केला नाही, एवढे म्हणते.

१९२९ चा कायदा कारखान्यापुरता होता. १९६१ साली देशासाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला, २०१७ साली रजा २६ आठवडे झाली, वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. ऊसतोडीच्या कोपीपर्यंत ती आली नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत खाडा नको, म्हणून. शरीराने वेगळे असण्याची किंमत चुकवून आमच्या बायका अशा रीतीने पुरुषाच्या बरोबरीला आल्या.

हा लेख लिहिताना एल्सी पॅरिशची गोष्ट मी मायला सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तिच्यापाशी हिशेब कसा व्हता?" मी म्हटले, ती तासावर कामाला होती, तिच्या नावाने पगार निघत होता. माय बराच वेळ काही बोलली नाही. तिने सतरा गळीत हंगाम ऊस तोडला. मुकादमाच्या वहीत कोयता वडिलांच्या नावावर होता.